हरवलेल्या घरच्यांचा माग: दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यू मुलांवर ऐतिहासिक कथा कशी लिहावी

युद्धात ताटातूट झालेली मुलं हा विषय मराठी लेखकांना खुणावतो आणि ते योग्यच आहे. पण या विषयावरच्या हस्तलिखितांमध्ये एक अडचण वारंवार दिसते. गोष्टीतल्या बारा वर्षांच्या मुलीला १९४० मध्येच सगळं ठाऊक असतं: छळछावण्या, गॅस चेंबर, साठ लाखांचा आकडा. ते ठाऊक असतं लेखकाला. मुलीच्या हातात तेव्हा फक्त न आलेलं पत्र होतं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत: शोधाची कथा घटनांवर उभी राहत नाही, कोणत्या तारखेला मुलाला काय कळू शकत होतं त्यावर उभी राहते.

पायरी १: एक मूल, एक शहर, एक वाट

‘होलोकॉस्टमधली मुलं’ हा कथेचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या या संहारात सुमारे १५ लाख ज्यू मुलं मारली गेली. जी वाचली ती वेगवेगळ्या वाटांनी वाचली आणि प्रत्येक वाटेवर घरच्यांना शोधण्याची तऱ्हा वेगळी होती. हॉलंडमध्ये परक्या कुटुंबात लपवलेल्या चार वर्षांच्या मुलाला पुढे आपलं खरं नावही आठवत नसे, त्याच्या बाबतीत शोधणारी माणसं मोठी होती. वॉर्सातून बाहेर काढलेल्या मुलांची खरी नावं इरेना सेंडलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी कागदाच्या पट्ट्यांवर लिहून काचेच्या बरणीत पुरून ठेवली, तिथे शोधाची सुरुवातच जमीन उकरण्यापासून होते. पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात आणि तिथून तेहरानला पोहोचलेली अनाथ मुलं जहाजाने कराची, मग सुएझ असा वळसा घालून फेब्रुवारी १९४३ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या अतलीतला उतरली. त्यांच्या कथेत भूक आणि अंतर हे मुख्य पात्र आहे.

उदाहरणासाठी मी ‘किंडरट्रान्सपोर्ट’ची वाट घेते. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात जर्मनी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियातून सुमारे १०,००० मुलं आई-वडिलांशिवाय ब्रिटनला गेली. बहुतेक ज्यू होती. नवख्या लेखकाने ही वाट का घ्यावी? कारण या मुलांपाशी पत्रं होती. छावणीतल्या मुलाला लिहून ठेवणं सहसा शक्य नव्हतं; इंग्लंडमधलं मूल पत्र लिहीत होतं, वाट पाहत होतं, कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होतं. त्या शोधाला कागद आहेत आणि कागद असले की लेखकाला पाय टेकायला जागा मिळते.

आपली मुलगी ठरवू. व्हिएन्नाच्या लिओपोल्डश्टाट भागातली, अकरा वर्षांची. वडिलांचं कापडाचं छोटं दुकान. घरात आई, आजी आणि अठरा वर्षांचा भाऊ. मुद्दाम अठरा, कारण ही योजना सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला गाडीत जागा आहे, दुसऱ्याला नाही, आणि हे ठरवतो वयाच्या रकान्यातला एक अंक. कथेचा पहिला ताण तुम्हाला नियमातूनच मिळाला, कल्पनेवर जोर द्यावा लागला नाही. तिचं नाव मात्र तुम्ही ठेवा, आणि ठेवताना त्या काळच्या व्हिएन्नातल्या शाळांच्या पटावरची नावं पाहून ठेवा. तिथल्या शहरी ज्यू घरांत जर्मन वळणाची नावं सर्रास असत.

पायरी २: तीन रकान्यांचा तक्ता

लिहायला बसण्याआधी मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख आणि घटना. दुसऱ्यात त्या दिवशी मुलीच्या घरच्यांचं काय झालं. तिसऱ्यात हे मुलीला कधी कळलं, कसं कळलं, किती चुकीचं कळलं. तुमची कादंबरी दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या अंतरात असेल. हा तक्ता भरायला महिने लागले तरी चालतील.

आपल्या मुलीचा तक्ता साधारण असा सुरू होतो. १२ मार्च १९३८: जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. काही आठवड्यांत तिला वर्गातून उठवून ज्यू मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवलं. हे तिला लगेच कळलं, कारण ते तिच्यावरच घडलं. ९ नोव्हेंबरची रात्र आणि १० नोव्हेंबर: सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, दुकानं फोडली, पुरुषांना धरून नेलं. भावाला डाखाऊच्या छळछावणीत नेलं. तिला घरात सांगितलं, ‘कामाला गेलाय.’ तो काही आठवड्यांनी डोकं भादरलेला परत येतो, देश सोडून जाईन असं लिहून देऊन, आणि काही बोलत नाही. इथे दुसरा आणि तिसरा रकाना पहिल्यांदा वेगळे होतात. तो पुढे बेल्जियममध्ये निसटतो असं धरा.

मे १९३९ मध्ये मुलगी वेस्टबानहोफ स्थानकावरून निघते. १ सप्टेंबरला युद्ध पेटतं, ३ सप्टेंबरला ब्रिटन युद्धात उतरतं आणि थेट टपाल बंद. १० मे १९४० ला जर्मनी बेल्जियमवर चालून जातं. बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी जर्मन आणि ऑस्ट्रियन निर्वासितांनाच शत्रूचे नागरिक म्हणून धरून दक्षिण फ्रान्समधल्या सेंट सिप्रियेनसारख्या छावण्यांत पाठवलं. भाऊ त्यांत असू शकतो. ऑक्टोबर १९४१ च्या मध्यापासून व्हिएन्नातून पोलंडमधल्या लोड्झच्या गेटोकडे, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीकडे, गाड्या निघू लागतात, साधारण हजार-हजार माणसांच्या. त्याच महिन्यात ज्यूंना जर्मन राजवटीतून बाहेर पडायलाच बंदी येते. मे ते ऑक्टोबर १९४२ या काळात व्हिएन्नातून मिन्स्कजवळच्या माली ट्रोस्टिनेत्सला गाड्या जातात आणि त्यांतल्या जवळजवळ सर्वांना उतरल्याबरोबर मारलं जातं. ऑस्ट्रियातून तिथे नेलेल्या सुमारे १०,००० लोकांपैकी १७ जण वाचल्याची नोंद आहे.

आई-वडिलांना या शेवटच्या गाडीत बसवायचं का, हा तुमचा निर्णय. पण एकदा ठरवलंत की तारीख पक्की करा आणि ती कुठेही हलवू नका.

पायरी ३: तिला काय माहीत नव्हतं

तिसरा रकाना भरताना काही ठोस तारखा हाताशी असाव्यात, कारण नेमक्या इथेच चुका होतात.

पिवळी चांदणी, म्हणजे ज्यूंना कपड्यांवर लावावी लागणारी खूण. मे १९३९ मध्ये व्हिएन्ना सोडणाऱ्या मुलीच्या कोटावर ती असूच शकत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात ती सक्ती १९ सप्टेंबर १९४१ पासून आली, सहा वर्षांपुढच्या सर्वांना. व्यापलेल्या पोलंडच्या मध्यभागात त्याआधीच, डिसेंबर १९३९ पासून, निळ्या चांदणीची पांढरी दंडपट्टी बांधावी लागे. हॉलंड आणि व्यापलेल्या फ्रान्समध्ये पिवळी चांदणी १९४२ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात आली. म्हणजे मुलीने आई-बापांना कधी चांदणी लावलेलं पाहिलंच नाही. तिने पाहिलं असेल ते पासपोर्टवरचं ज्यू असल्याची खूण म्हणून मारलेलं लाल ‘जे’, जे ऑक्टोबर १९३८ पासून उमटवलं जाऊ लागलं, आणि कागदपत्रांवर आईच्या नावाला चिकटवलेलं ‘सारा’, वडिलांच्या नावाला ‘इस्रायल’. ही नावं सक्तीची होती.

संहाराची बातमी. १७ डिसेंबर १९४२ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांनी संसदेत दोस्त राष्ट्रांचं निवेदन वाचलं: युरोपातल्या ज्यूंचा पद्धतशीर संहार चालू आहे. सभागृह उभं राहून स्तब्ध झालं. ते वर्तमानपत्रांत आलं. आपली मुलगी तेव्हा साधारण चौदा-पंधरा वर्षांची आहे, वर्तमानपत्र वाचता येईल एवढं इंग्रजी तिला येतं. कथेचा कणा इथे मोडू किंवा ताठ होऊ शकतो. ती वाचते का? सांभाळणारी बाई पेपर लपवते का? वाचूनही ती ‘माझे आई-बाबा त्यात नसतील’ म्हणते का? असं म्हणणारी मुलं अनेक होती आणि त्यांना भोळं ठरवू नका. आकडा वाचून माणूस आपली आई त्यात मोजत नाही.

एप्रिल १९४५. बर्गन-बेल्सनची छळछावणी १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्याने मोकळी केली, आणि थोड्याच दिवसांत तिथली चित्रफीत इंग्लंडमधल्या सिनेमागृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवली गेली. पडद्यावरच्या चेहऱ्यांत आपलं माणूस दिसतं का ते पाहणारी मुलं-मुली होती. हा प्रसंग लिहायचा असेल तर कॅमेरा पडद्यावर नेऊ नका, तिच्याजवळच ठेवा.

पायरी ४: शोधाची साधनं काळानुसार बदला

हा सगळ्यात समृद्ध भाग आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. बहुतेक कथांत शोध म्हणजे प्रवास असतो: मूल पळतं, जंगल ओलांडतं, सैनिक चुकवतं. प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या मुलांचा शोध बसल्या जागी चाले. तो चार टप्प्यांत लिहावा.

पहिला टप्पा युद्धाआधीचा, आणि तो ‘कुठे आहेत’चा शोध नाहीच. तो हमीदाराचा शोध आहे. आई-वडिलांना ब्रिटनचा व्हिसा मिळायचा तर कुणीतरी हमी द्यायला हवी किंवा नोकरी द्यायला हवी. घरकामाच्या परवान्यावर हजारो ज्यू बायका ब्रिटनला आल्या, त्यांतल्या कित्येक घरी स्वतः मोलकरीण ठेवणाऱ्या होत्या. मुलं अनोळखी दारं ठोठावत आणि मोडक्या इंग्रजीत विचारत: तुम्हाला स्वयंपाकीण हवी आहे का? बाग सांभाळायला माणूस? माझी आई चांगली शिवते. मे ते ऑगस्ट १९३९ असे चार महिने तुमच्या मुलीपाशी आहेत. घड्याळ चालू आहे, पण ते किती वाजता थांबणार हे तिला माहीत नाही. संपूर्ण कादंबरी या चार महिन्यांवर लिहिली तरी पुरेल, आणि माझ्या मते ती सर्वांत चांगली होईल.

दुसरा टप्पा तटस्थ देशांमधून जाणाऱ्या पत्रांचा. थेट टपाल बंद झाल्यावर हॉलंडमधल्या, स्वित्झर्लंडमधल्या, अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे पत्र पाठवून ते पुढे सरकवलं जाई. थॉमस कुक या प्रवास कंपनीमार्फत लिस्बनच्या टपालपेटी क्रमांक ५०६ वरून शत्रूप्रदेशात पत्रं पाठवण्याची अधिकृत सोय होती. मे १९४० मध्ये हॉलंड पडलं की एक वाट बंद, डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली की दुसरी. प्रत्येक वाट बंद होण्याची तारीख तुमच्या तक्त्यात असलीच पाहिजे. या टप्प्यातली आणखी एक खूण: व्हिएन्नातल्या ज्यूंना घरांतून काढून एकेका खोलीत दोन-तीन कुटुंबं कोंबली जात. पत्र पाठवणाऱ्याचा पत्ता बदलत राहतो. रस्ता तोच, घर क्रमांक वेगळा. मग जिना, मग दाराचा क्रमांक वेगळा. आई पत्रात कधीच त्याबद्दल बोलत नाही. मुलगी पाकिटं जपून ठेवते आणि पाकिटांवरून तिला कळतं.

तिसरा टप्पा रेडक्रॉसच्या संदेशांचा. छापील अर्ज, जास्तीत जास्त २५ शब्द, फक्त कौटुंबिक मजकूर. अर्ज जिनिव्हामार्गे जाई, उत्तर त्याच कागदाच्या मागे २५ शब्दांत येई, मध्ये कित्येक महिने जात. हा लेखकासाठी खजिना आहे. बसा आणि खरोखर पंचवीस शब्द मोजून लिहा:

‘प्रिय मम्मा, पप्पा, मी बरी आहे. शाळेत दुसरी आले. उंची वाढली, कोट आखूड झाला. तुमचं पत्र जूनपासून नाही. आजी कशी आहे? दादाचा पत्ता लवकर कळवा.’

आता उत्तर लिहा, पण ते आईच्या हाताने:

‘लाडक्या बाळा, आम्ही सुखरूप. तुझ्या शाळेचं ऐकून पप्पा खूश. आम्ही लवकरच प्रवासाला निघू. काळजी करू नको. गरम कपडे घाल. खूप मुके.’

आजीबद्दल एक अक्षर नाही. भावाचा पत्ता नाही. ‘प्रवास’ कुठला ते नाही. चौदा वर्षांची मुलगी आनंदाने वाचते, रात्री पुन्हा वाचते आणि आजीवर थबकते. ‘निघतो आहोत’ अशा अर्थाचे शेवटचे संदेश खरोखर आले, आणि अनेकदा ते पोहोचेपर्यंत पाठवणारे गेलेले होते. एवढ्या दोन चिठ्ठ्यांत जे मावतं ते पाच पानी वर्णनात मावणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की कथेतली सगळी पत्रं आधी लिहून काढा, गोष्ट नंतर. पत्रांच्या शाईला, शिक्क्यांना, सेन्सॉरच्या चिकटपट्टीला तारखा द्या.

चौथा टप्पा युद्धानंतरचा, याद्यांचा. लंडनच्या ब्लूम्सबरी हाउसमध्ये निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या कचेऱ्या होत्या; वाचलेल्यांच्या याद्या येत, लोक त्यांत बोट फिरवत नाव शोधत. जर्मनीतल्या छावण्यांमध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) अब्राहम क्लाउसनर यांनी वाचलेल्यांच्या नावांच्या याद्या छापून काढल्या. म्युनिकजवळच्या इंडर्सडॉर्फ मठात ठेवलेल्या मुलांचे फोटो काढले गेले, प्रत्येकाच्या हातात नावाची पाटी, कुणीतरी ओळखावं म्हणून. जर्मनीतल्या आरोल्सन या गावी सगळ्या शोधकामाची मध्यवर्ती कचेरी बसली. तिथली नावांची सूची सुमारे ५ कोटी कार्डांची आहे, सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांची. एकच आडनाव रशियन, पोलिश, जर्मन कारकुनाने वेगवेगळं लिहिलेलं असे, म्हणून कार्डं उच्चारानुसार लावली गेली. हा तपशील कथेत वापरा: मुलीला ‘नोंद नाही’ असं उत्तर येतं आणि वर्षांनंतर कळतं की एका अक्षराने नाव हुकलं होतं. त्यात भर म्हणजे ब्रिटिश सैन्यात गेलेल्या अनेक निर्वासित तरुणांनी इंग्रजी नावं घेतली. शोधणारा आणि शोधला जाणारा दोघंही आपापल्या जुन्या नावाने एकमेकांना शोधताहेत, आणि दोघांचीही नावं बदललीत.

माली ट्रोस्टिनेत्ससारख्या ठिकाणी गेलेल्यांची छावणीत नोंदच झाली नाही, कारण छावणीत राहण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. उरते ती गाडीत चढवतानाची यादी: नाव, जन्मतारीख, शेवटचा पत्ता. तो पत्ता वाचकाने आधीच पाकिटावर पाहिलेला असेल तर तुम्हाला त्या पानावर आणखी काही लिहायची गरज पडणार नाही.

पायरी ५: घरबसल्या कुठे शोधाल

पुण्या-नागपुरात किंवा रत्नागिरीत बसून हे काम होतं. आरोल्सन आर्काइव्ह्जचा मोठा भाग इंटरनेटवर मोफत खुला आहे, कार्डांची छायाचित्रं पाहता येतात. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेची बळींच्या नावांची सूची खुली आहे. त्यात नातेवाइकांनी भरलेली साक्षपत्रं आहेत आणि अनेकदा ती भरणारं माणूस म्हणजे इंग्लंडमध्ये वाढलेलं तेच मूल असतं. व्हिएन्नासाठी तिथल्या प्रतिकार-अभिलेखागाराची, म्हणजे डॉक्युमेंटेशन सेंटर ऑफ ऑस्ट्रियन रेझिस्टन्सची नामसूची पाहा. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळावर छायाचित्रं आणि मुलाखती आहेत. शोआ फाउंडेशनपाशी ५०,००० हून अधिक साक्षी चित्रफितींवर आहेत. लंडनची वीनर होलोकॉस्ट लायब्ररी पत्रव्यवहारासाठी उपयोगी.

शोधताना शिस्त ठेवा. एकाच माणसाचं आयुष्य उचलून त्यावर दुसरं नाव चिकटवू नका. ती माणसं किंवा त्यांची मुलं-नातवंडं आजही आहेत. एखादा तपशील दोन-तीन स्वतंत्र साक्षींत सापडला तर तो त्या काळाचा, सगळ्यांचा. एकाच साक्षीत असेल तर तो त्या माणसाचा, त्याला हात लावू नये. डच सीमा ओलांडल्यावर बायकांनी गाडीतल्या मुलांना कोको आणि पांढरा पाव दिला, हे कित्येक जण सांगतात. तो तुम्ही वापरू शकता.

पायरी ६: वस्तूंचा हिशेब

प्रवासाचं प्रकरण लिहिण्याआधी बॅग भरा. मुलाला स्वतः उचलता येईल एवढंच सामान नेता येई. पैसे १० राइशमार्क. दागिने, मौल्यवान वस्तू नाहीत. सीमेवर पोलिस बॅगा उचकत. गळ्यात क्रमांकाची पाटी, तोच क्रमांक बॅगेवर. काही ठिकाणी पालकांना फलाटावर येऊच देत नसत, निरोप प्रतीक्षालयातच घ्यावा लागे. आई काय भरेल? कपडे वाढत्या अंगाचे, दोन मापं मोठे. फोटो. वह्या. आईने किती वर्षांचे कपडे भरले यावरून तिला हा निरोप किती लांबचा वाटत होता ते वाचकाला कळतं.

व्हिएन्नातून पहिली मोठी गाडी १० डिसेंबर १९३८ ला सुटली, ६०० मुलं घेऊन. डच कार्यकर्त्या खेर्ट्राइडा वाइसमुलर-मायर यांनी नाझी अधिकारी अ‍ॅडॉल्फ आइकमनला भेटून ती परवानगी मिळवली होती. तो शनिवार होता, शब्बाथ, प्रवास निषिद्ध असलेला दिवस. धार्मिक घरातल्या बापाने मुलाला शब्बाथच्या दिवशी गाडीत बसवणं हे एक अख्खं प्रकरण आहे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायला ज्यू धर्माची मुभा आहे; तरी ज्या हातांनी जन्मभर तो पाळला ते हात कसे चालले असतील ते लिहा.

इंग्लंडमधल्या बाजूलाही तारखा तपासा. हार्विचजवळच्या डोव्हरकोर्ट इथल्या थंडगार सुट्टी-छावणीत मुलांना ठेवलं आणि कुटुंबं येऊन मुलं निवडून नेत, तो प्रकार १९३८-३९ च्या हिवाळ्यातला. मे महिन्यात आलेली आपली मुलगी थेट लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर उतरते, तिच्यासाठी ५० पौंडांची हमी आधीच भरलेली असते. १ सप्टेंबरपासून ब्लॅकआउट, आणि शहरातली मुलं खेड्यांत. म्हणजे ती एकदा परक्या घरी रुळते न रुळते तोच दुसऱ्या परक्या घरी. लोणी, साखर आणि बेकनचं रेशन जानेवारी १९४० पासून. सोळा वर्षांची झाली की तिला ‘परकीय’ म्हणून पोलिसांत नोंद करावी लागेल. तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी मुलं तर १९४० च्या उन्हाळ्यात ‘शत्रूदेशाचे नागरिक’ म्हणून नजरकैदेत गेली, काही आइल ऑफ मॅनवर, काही ‘ड्युनेरा’ जहाजाने ऑस्ट्रेलियाला. हिटलरपासून पळालेल्या मुलाला हिटलरचं माणूस समजून कोंडणं, हे विसरू नका.

पायरी ७: घर कोणतं, धर्म किती

आपल्याकडच्या ज्यूंशी आपली ओळख आहे. कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलतात, शनिवार पाळणारे तेली म्हणून गावागावांत ओळखले गेले, एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात. ही ओळख मनात असू द्या पण व्हिएन्नाच्या घरात आणू नका. तिथे मलिदा नाही. आणि पोलंडमधल्या खेड्यातली दाढीवाली, काळ्या कोटातली माणसंही सरसकट नाहीत. लिओपोल्डश्टाटमध्ये गॅलिशियातून आलेली कर्मठ कुटुंबं होती, आणि सिनेगॉगमध्ये वर्षातून दोनदा जाणारी, घरात नाताळचं झाड लावणारीही होती. ज्या मुलीला ‘आपण ज्यू आहोत’ हे शाळेतून काढल्यावर कळलं तिची कथा वेगळी, आणि जिला कोशर नसलेलं, म्हणजे ज्यू धर्मनियमांत न बसणारं मांस इंग्लिश ताटात पहिल्यांदा वाढलं गेलं तिची वेगळी. अनेक मुलं ख्रिस्ती कुटुंबांत वाढली, काहींचा बाप्तिस्माही झाला. सांभाळणाऱ्यांचा हेतू प्रेमाचाच असू शकतो. त्यांना खलनायक करू नका, देवदूतही करू नका.

महाराष्ट्रात कथा आणायचीच असेल तर खरा धागा आहे. मुंबईत १९३४ पासून ज्युइश रिलीफ असोसिएशन काम करत होती. मध्य युरोपातून आलेले डॉक्टर, कलावंत, संगीतकार मुंबईत राहिले, आकाशवाणीची ओळखधून बांधणारे वॉल्टर कॉफमन त्यांपैकीच. सप्टेंबर १९३९ मध्ये यांतल्या कित्येकांना जर्मन नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, मग चौकशी करून सोडलं. प्रागमध्ये राहिलेल्या आजीला मुंबईतून शोधणारं मूल, ही मराठीतच लिहिली जावी अशी कथा आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीकडे मात्र सावधपणे पाहा. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले; ते बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून आले होते. त्यांचं दुःख मोठं आहे, पण ते या कथेचं दुःख नाही. दोन्हींची सरमिसळ केली तर दोघांवरही अन्याय होतो.

पायरी ८: आवाज

मुलगी अकराव्या वर्षी निघते आणि युद्ध संपतं तेव्हा सतराची असते. तिचं मराठी कथन प्रकरणागणिक मोठं झालं पाहिजे. सुरुवातीला छोटी वाक्यं, वस्तू, वास, माणसांचे बूट. पुढे प्रश्न, मग राग, मग न बोललेलं. संवादात व्हिएन्नातल्या घरात ती आईला ‘तू’ म्हणेल, वडिलांनाही म्हणू द्या. इंग्लिश कुटुंबातल्या बाईला ती ‘तुम्ही’ म्हणेल, आणि ज्या दिवशी चुकून ‘तू’ म्हणेल तो दिवस कथेत असू द्या.

आणखी एक गोष्ट कथेत जवळजवळ नेहमी सुटते. ही मुलं जर्मन विसरली. लहान तर पूर्ण विसरली. युद्धकाळात रस्त्यात जर्मन बोलणं नकोसं होतं, बोलायला कुणी नव्हतं. जे थोडे आई-बाप वाचून परत भेटले त्यांच्याशी बोलायला काहींना दुभाष्या लागला. इतकी वर्षं शोधलं ते माणूस समोर बसलंय आणि त्याला सांगायला शब्द नाहीत.

पायरी ९: छावणी दाखवायची का

माझं स्पष्ट मत: या कथेत नाही. मुलगी तिथे गेली नाही, कथनही जाऊ नये. वाचकाला हादरवण्यासाठी मधूनच आईच्या नजरेतून गाडीचा डबा आणि खड्डा दाखवला की तिसरा रकाना कोसळतो; मुलीच्या न कळण्यातून जे साठत आलं ते एका दृश्यात वाहून जातं. नाझी अधिकाऱ्याच्या तोंडी लांब भाषणंही नकोत. त्या यंत्रणेचं रूप मुलीपर्यंत शिक्का, फॉर्म आणि ‘पत्ता सापडत नाही’ असं लिहून परत आलेलं पाकीट एवढ्यातूनच पोहोचलं.

ऐतिहासिक तथ्यं मात्र कथेसाठी वाकवू नका, तारखेच्या सोयीसाठीसुद्धा नाही. संहार झालाच नाही म्हणणारे लोक आजही आहेत आणि कादंबरीतली ढोबळ चूक त्यांच्या हातात पडते. पुस्तकाअखेर एक टिपण जोडा: कोणती पात्रं काल्पनिक, कोणते प्रसंग नोंदीतले.

पायरी १०: शेवट

किंडरट्रान्सपोर्टमधल्या बहुसंख्य मुलांना आई-वडील पुन्हा भेटले नाहीत. म्हणून स्टेशनवरची गळाभेट हा सोपा शेवट टाळा. पण सगळे मेले हाही एकमेव खरा शेवट नाही. भावाचा माग आपण मोकळा ठेवला होता. सेंट सिप्रियेनमधून काही पळाले, काही लपले, काही पुढे पॅरिसजवळच्या ड्रान्सी छावणीमार्गे ऑशविट्झला गेले. तो जिवंत सापडला तर भेट अवघड असू द्या: तो अठराव्या वर्षी मागे राहिला, ती अकराव्या वर्षी गेली, आणि आई-बाबांना शेवटचं कुणी पाहिलं हा प्रश्न दोघांच्या मध्ये आहे. तो सापडला नाही तर आरोल्सनला पाठवलेला अर्ज अनुत्तरित ठेवता येईल. खऱ्या माणसांना काही उत्तरं कित्येक दशकांनी आली, अभिलेखागार अभ्यासकांना खुलं झाल्यावर.

शेवट ठरला की हस्तलिखित घेऊन पुन्हा तक्त्याकडे या. लाल पेनाने प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तारीख लिहा आणि त्या तारखेनंतर कळलेली प्रत्येक गोष्ट खोडा: ‘होलोकॉस्ट’ हा शब्द, साठ लाख, ऑशविट्झचं नाव, ‘आई परत येणार नव्हती’ असं पुढचं सांगणारं वाक्य. मग या इतिहासाची जाण असलेल्या एखाद्या वाचकाला, शक्य असल्यास ज्यू वाचकाला, ते द्या आणि एकच विचारा: कुठल्या पानावर या मुलीला जरा जास्तच माहीत आहे?